वीस मिनिटांची नळी

रहेमतुल्लाभाईंना साप चावून दोन दिवस झाले होते. लसीचा तिसरा डोस संपल्यावर मी त्यांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. वीस मिनिटं नळी हलवायची नाही. रक्त गोठलं तर आशा, पाण्यासारखं वाहिलं तर नाही.

“किती झाले, भाऊ?” त्यांच्या बायकोनं, फातिमाबींनी विचारलं.

“चार मिनिटं.”

“तुमची घडी बंद पडली काय? मले तर तास झाल्यावानी वाटते.”

मी घड्याळ दाखवलं. काटा फिरत होता.

मग त्या नळीकडेच बघत बसल्या. वीस मिनिटं होताच मी नळीकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“इतक्यात काऊन? राहू द्या ना जरासं.”

मी आणखी पाच मिनिटं थांबलो. त्यानं काही बदलणार नव्हतं. नळी तिरकी केली. रक्त काठापर्यंत वाहत आलं.