जास्तीचे आटे

त्या जोडाच्या बोल्टांवर नटाबाहेर जितके आटे दिसायला हवे होते, त्याहून जास्त दिसत होते. माझा संशय सुरुवातीला एवढ्याच पुराव्यावर उभा होता, आणि पुरावा तोकडा आहे हे मला मान्य होते.

बिदरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची कच्ची रसायने बनवणारा आमचा कारखाना आहे. तिथे मी सुरक्षा अधिकारी. एका औषधाचे उत्पादन संपून दुसरे सुरू होण्याआधी रिॲक्टर, म्हणजे दोन माणसे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी उंच पोलादी टाकी, धुवावी लागते. आधी मिथेनॉलने, मग कॉस्टिक सोड्याने, मग उकळत्या पाण्याने. एवढे करूनही आतल्या ढवळणीच्या पात्यांखाली एक पिवळट खपली उरतेच. आधीच्या औषधाचा कण पुढच्या औषधात जाता कामा नये, म्हणून ती हाताने खरवडायला माणूस वरच्या मॅनहोलमधून आत उतरतो.

त्या दिवशी चन्नवीर उतरणार होता.

टाकीच्या तळापर्यंत नायट्रोजनची एक नळी जाते. उत्पादन चालू असताना हा वायू भरलेला असला की मिथेनॉलसारखा सॉल्व्हंट पेट घेत नाही. माणूस आत असताना तोच वायू आला, तर काही श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुदमरत असल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. म्हणून कोणी उतरण्यापूर्वी नळीचा एक जोड उघडून त्यात पोलादाची भरीव चकती घालतात. तिला ब्लाइंड प्लेट म्हणतात. चकतीला असलेले पट्टीचे शेपूट जोडाबाहेर डोकावते. ते दिसले की वाट बंद आहे असे समजायचे.

शेपूट दिसत होते. ठरल्याप्रमाणे लाल होते. परंतु जोडाच्या दोन तोंडांमध्ये करंगळीएवढी जाड वस्तू शिरली, तर बोल्टांची टोके तेवढीच आत जायला हवीत. शेजारी प्लेट नसलेला तसाच एक जोड होता. मी दोन्हींवरचे आटे ताडून पाहिले. सारखेच होते.

“गुरप्पा अण्णा, प्लेट तुम्ही बसवली?”

गुरप्पा आमचे सर्वांत जुने फिटर, मूळचे निंबर्ग्याचे. ते खाली बसून पाना पुसत होते. “मी न्हाई तर कोण बसवणार? काल संध्याकाळीच बसवली.”

“आत चकती आहे?”

“शेपूट हाय अन् जनावर न्हाई, असं कुठं बघितलंय का साहेब?”

सुरक्षा पट्टा बांधत असलेला चन्नवीर हसला. तो गुरप्पांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आणि जावईही. आमच्या भागात हे नवलाचे नाही. “मामा, साहेबांला चहातबी संशय येतो,” तो म्हणाला. “दूध कुठल्या म्हशीचं, विचारतेत.”

“म्हशीचे उत्तर मिळाले की चहा पितो,” मी म्हणालो आणि आत उतरण्याच्या परमिटवर सही न करता पेन खिशात ठेवले.

उत्पादन विभागाच्या प्रमुख उमादेवी जिना चढून आल्या. संध्याकाळी नवी बॅच चढवायची होती. “कामून थांबलंय?”

मी आटे दाखवले.

“लांब बोल्ट घातले असतील.”

ही शक्यता मी मनात नोंदवली होती, आणि ती खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. “असतील. उघडून पाहू.”

“ऑक्सिजन मोजला की तुम्ही. वीस पूर्णांक नऊ. बाहेरच्या हवेएवढा.”

“मीटर मॅनहोलच्या तोंडाशी होता आणि ब्लोअर चालू होता. तो आकडा ब्लोअरने ढकललेल्या हवेचा आहे, टाकीचा नाही.”

गुरप्पा उठले. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले, आणि मी तेही नोंदवले. हा जोड गंजलेला होता. त्याची तोंडे फाकवायला पाचर ठोकावी लागत असे. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने संध्याकाळच्या घाईत नुसते शेपूट खोचून वेळ मारून नेली असेल, हे अशक्य नव्हते. मात्र आत त्यांचाच जावई उतरणार होता. त्यामुळे त्यांचा हेतू मला सापडत नव्हता. पण हेतू न सापडणे म्हणजे चकती सापडणे नव्हे.

त्यांनी सदऱ्याआड हात घातला. “हे बघा, गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगतो. प्लेट मी बसवली. चकतीसकट बसवली. माझ्या लेकीचं, नेत्रावतीचं कुंकू आत उतरायलंय, मी खेळ करीन व्हय?”

“आता तरी?” उमादेवींनी माझ्याकडे पाहिले.

कोहिनूर गावी आमच्या घरी धम्मदीक्षेनंतर आजोबांनी आणाभाका बंद करून टाकल्या होत्या. खरे असेल ते दाखवावे, असे त्यांचे म्हणणे. “अण्णा, शपथेने आटे आत जात नाहीत,” मी म्हणालो.

“तुमच्यात आण चालत न्हाई, ठाऊक हाय मला.”

त्यात टोचणी होती की नुसते निरीक्षण, हे मला ठरवता आले नाही. मी ब्लोअर बंद करायला सांगितला, मीटर दोरीला बांधला आणि टाकीच्या तळापर्यंत सोडला. आकडा वर माझ्या हातातल्या त्याच्या वेगळ्या पडद्यावर दिसत होता.

वीस पूर्णांक नऊ.

“झालं समाधान?” उमादेवी म्हणाल्या.

“थांबू थोडे.”

चन्नवीर मॅनहोलच्या काठावर पाय आत सोडून बसला होता. मी त्याला पाय बाहेर घ्यायला सांगितले. त्याने मामाकडे पाहिले, मामांनी मान हलवली, तेव्हा घेतले. माझ्या सांगण्यापेक्षा त्या मानेला वजन होते.

आकडा वीस पूर्णांक सहावर आला.  मग वीस पूर्णांक दोन. मीटरचे चुकले असेल, असे उमादेवी म्हणायला लागल्या आणि वाक्य अर्धे टाकून थांबल्या. एकोणीस पूर्णांक पाचला मीटर किंचाळू लागला. टाकीच्या पोकळीत तो आवाज एखादे पाखरू आत अडकावे तसा घुमत राहिला.

मुख्य नळी बंद करून गुरप्पांनी जोड सैल केला. दोन बोल्ट ढिले होताच शेपूट त्यांच्या हातात निसटून आले. वीतभर लाल पट्टी. टोकाला तुटलेल्या वेल्डिंगची खडबडीत कड, आणि पुढे काही नाही.

ते तिच्याकडे पाहत राहिले. “ही माझी न्हाई.”

“तुमच्या जोडातून निघाली आहे,” मी म्हणालो.

“मी चकती घातली होती, साहेब.”

“चकती विरघळत नाही, अण्णा.”

 तेवढ्यात चन्नवीर म्हणाला, “मामांना बोलू नका. प्लेट मी काढली.”

तो पट्ट्याची कडी सोडवत होता, आणि ती सुटत नव्हती. “सकाळी तळात धुण्याचं पाणी साचलेलं दिसलं. नायट्रोजनच्या दाबानं ढकललं बाहेर. प्लेट परत घालायची म्हंजे पाचर ठोका, परत साहेबांची सही मागा. साहेब शंभर प्रश्न विचारतेत, दुपार जाती. पेटीत एका मोडक्या प्लेटचं शेपूट पडलं होतं. ते खोचलं.”

“आणि आत कोण उतरणार होतं रे?” उमादेवींचा आवाज चढला. “तूच ना?”

“नळीचा व्हॉल्व्ह गच्च बंद केला होता की! मामांनी स्वतः घासून बसवलेला व्हॉल्व्ह हाय तो. त्यातनं मुंगी जायची न्हाई.”

गुरप्पा खाली बसले. “यप्पा,” ते म्हणाले, “तो व्हॉल्व्ह तात्पुरता बसवला होता रे मी. नवा येईस्तोवर.”

नवा व्हॉल्व्ह कोणी मागवायचा होता, हे तिथे कोणी विचारले नाही. उमादेवी दुसऱ्या टाकीकडे पाहू लागल्या.

“मेला असतास म्हंजे?” गुरप्पा ओरडले. “पोरीला काय सांगितलं असतं मी? का, माझ्या कसबावर भरवसा ठेवून मेला तुझा नवरा?”

 खरी प्लेट पिंपामागे पडली होती. ती चन्नवीरच उचलून घेऊन आला. या खेपेस पाचर त्याने ठोकली. बोल्ट आवळण्याआधी मी फटीत बॅटरी धरून चकती पाहिली. आवळून झाल्यावर शेजारचा जोड आणि हा जोड यांत फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता. नटाबाहेर जेमतेम टोके उरली होती. ब्लोअर चालवून टाकी नव्या हवेने भरली, मग तो बंद करून मीटर पुन्हा तळाशी सोडला. चहा येऊन थंड होईपर्यंत आकडा वीस पूर्णांक नऊवरून ढळला नाही. ब्लोअर पुन्हा चालू केला. मी सही केली.

चन्नवीर उतरण्यापूर्वी मॅनहोलपाशी थबकला. या वेळी त्याने मामाकडे पाहिले नाही. तो जोडापाशी गेला, अंगठ्याने एकेका बोल्टाचे टोक चाचपून आला आणि मग शिडीवर पाय ठेवला.

त्याच्या पट्ट्याची दोरी गुरप्पांनी स्वतःच्या हाती घेतली होती. आतून खरवडण्याचा आवाज येऊ लागला. ते दोरीकडेच पाहत बोलले.

“साहेब, माझ्यावर संशय घेतला तुम्ही.”

“हो.”

“घ्या. तुमचं कामच ते. पर चन्नावर कामून घेतला न्हाई? सकाळपास्नं हितं तोच होता.”

मी उत्तर शोधले. ते सोपे होते, म्हणूनच द्यायला जड गेले. “आत तो उतरणार होता. स्वतःच्याच जिवाशी कोणी खोटेपणा करणार नाही, असे मी धरून चाललो.”

“मोजलं न्हाई?”

“नाही.”

गुरप्पांनी दोरी किंचित ताणून पाहिली. आतून चन्नवीरने ती ओढून ठीक असल्याची खूण दिली.

“म्हंजे तुम्हीबी आण घेतलीच की,” ते म्हणाले. “फक्त लिंगाला हात लावला न्हाई.”

 मी मीटर उचलून दोरीला बांधला आणि पुन्हा तळाशी सोडला.