गोटाटोल्याची चोवीस मिनिटं

मी एक फोल्डर आहे. कपाटातला नव्हे, संगणकाच्या पडद्यावर पिवळ्या चौकोनासारखा दिसणारा. एटापल्लीत दोन खोल्यांची, चार माणसांची एक संस्था आहे. जंगलातल्या गावांना सामूहिक वनहक्काचे दावे तयार करायला ती मदत करते. त्या चौघांच्या कामाचं सगळं सामान माझ्या पोटात असतं. मी खरा राहतो कुठे, हे मलाही नीट ठाऊक नाही. दूर कुठल्याशा थंड इमारतीत, असं म्हणतात. पण मी स्वतःला एटापल्लीचाच समजतो.

माझा जन्म वाळवीमुळे झाला. एका गावाच्या दाव्याचे कागद कपाटातच वाळवीने खाल्ले. संस्था चालवणाऱ्या दुर्गाबाई ते चाळणी झालेले कागद मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या. तेव्हा संगणकाचं काम बघणारी दिव्या म्हणाली, "बाई, आता कागदाचे फोटो काढून वरच, नेटवर ठेवून देऊ. तिथं वाळवी नाई लागत."

तिने स्वतःच्याच खात्यावर मला तयार केलं आणि तेच खातं ऑफिसच्या संगणकावर आणि सहकारी प्रफुल्लच्या मोबाईलवर उघडून दिलं. गावागणिक वेगळा कप्पा केला. 'आधी गावाचं नाव, मग तारीख, मग काय आहे ते' असं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं. ते दिवस फार चांगले होते. कुणी काही मागितलं की मी लगेच काढून द्यायचो. दुर्गाबाई तर एकदा मला बघून म्हणाल्या होत्या, "हा आपला पाचवा माणूस हाय."

प्रफुल्ल मूळचा चिमूरचा. मोटारसायकलवर गावोगाव फिरून माहिती आणणं हे त्याचं काम. एकदा तो गोटाटोल्याला गेला. त्या गावाने ओढ्यापलीकडच्या जंगलावरही हक्क सांगितला होता, पण त्याचा लेखी पुरावा कुठेच नव्हता. तो सगळा वारलू नावाच्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होता. गाव त्यांना तादो म्हणायचं, म्हणजे आजोबा. जुनं गाव कुठे वसलं होतं, देवाचे दगड कुठे आहेत, मोहाचं कोणतं झाड कोणत्या घराचं, हे सगळं वारलू तादोंनी माडिया बोलीत सांगितलं. त्यांची नात सोमारी ते मराठीत सांगत गेली. प्रफुल्लने मोबाईल धरला होता. चोवीस मिनिटं.

गोटाटोल्यात नेटवर्क नाही. एटापल्लीला परत आल्यावर प्रफुल्लने मोबाईलमधलं सगळं एकदम माझ्यात ओतलं. पुतणीचा वाढदिवस, पंक्चर झालेलं चाक, कुणाच्या तरी लग्नाची वरात आणि ती चोवीस मिनिटं. सगळं 'नवीन' नावाच्या एका कप्प्यात. कशालाच नाव नाही, नुसते आकडे.

"उद्या लावतो बराबर," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला भामरागडला जावं लागलं.

माझ्याकडे कुणी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नाही. सगळेच घाईत असायचे. 'नवीन'च्या शेजारी 'नवीन दोन' आला, मग 'फायनल', मग 'खरं फायनल'. दिव्याला ऊर्जानगरला एका कंपनीत नोकरी लागली. "काही अडलं तर मले फोन करजो," असं तिच्या जागी आलेल्या सत्यशीलाला सांगून ती गेली. खातं मात्र तिचंच राहिलं. त्या उन्हाळ्यात वारलू तादो वारले. त्यांचा जबाब कागदावर उतरवून त्यावर अंगठा घ्यायचा होता, तो राहूनच गेला.

मग पत्र आलं. गोटाटोल्याच्या दाव्यावर दीड महिन्याने उपविभागीय समितीपुढे सुनावणी. ओढ्यापलीकडच्या भागाचा पुरावा सादर करा.

"वारलू तादोचा व्हिडिओ काढा," दुर्गाबाई म्हणाल्या.

सत्यशीलाने 'वारलू' असं टाईप केलं. माझ्याकडे त्या नावाचं काहीच नव्हतं. तिने इंग्रजी अक्षरांत टाकलं. मग 'गोटाटोला' टाकलं. नकाशे निघाले, ठराव निघाले, वारलू निघाले नाहीत.

"मी तर टाकला होता, बाई," प्रफुल्ल कळवळून म्हणाला.

"मंग कुठी गेला? तुझ्या मोबाईलमध्ये असंन ना!"

"तो मोबाईल तर नदीत पडला पावसाळ्यात."

सत्यशीला चिवट बाई. ती 'नवीन'मध्ये शिरली आणि एकेक चित्र बघत खाली आली. मला बोलता आलं असतं तर किंचाळलो असतो. ती त्या व्हिडिओपाशी पोचली. पण प्रफुल्लने सुरुवातीला मोबाईल खाली धरला होता, त्यामुळे बाहेरून दिसायचे ते फक्त दोन अनवाणी पाय आणि माती. तिला वाटलं, चुकून निघालेलं काहीतरी असेल. ती पुढे गेली.

आठ दिवसांनी दिव्याच्या खात्यातली जागा संपली. तिच्या मोबाईलवर सारख्या सूचना यायला लागल्या. तरी तिने आधी फोन केला, हे मी सांगितलंच पाहिजे.

"ताई, 'नवीन'मधले ते नंबरवाले मोठे व्हिडिओ कामाचे आहेत का?"

"नाई वो. मी सगळे पाह्यले. वाढदिवस अन वराती हायेत नुसत्या," सत्यशीला म्हणाली.

दिव्याने ते काढून टाकले. काढलेलं सामान कचरापेटीत तीस दिवस राहतं. मी ते तीस दिवस मोजले. त्या दिवसांत ऑफिसातलं कुणी ना कुणी रोज मला उघडायचं. कचरापेटीचं चित्र डाव्या बाजूला, खाली होतं. तिकडे कुणाचा हात गेला नाही. एकतिसाव्या दिवशी ती चोवीस मिनिटं गेली.

सुनावणीच्या दोन दिवस आधी सोमारी ऑफिसात आली. सत्यशीलाने मान खाली घालून तिला व्हिडिओ सापडत नसल्याचं सांगितलं.

सोमारी म्हणाली, "असा कसा नाई? मी तिथंच होतो ना. प्रफुल्लभाऊनं पयले मोबाईल खालीच धरला होता. तादोचे पायच येऊन राह्यले होते त्याच्यात. मी हासलो, तवा त्यानं वर केला."

सत्यशीलाने विचारलं, "पाय?"

तिने घाईने मला उघडलं. 'नवीन' उघडला. पाय नव्हते. तिने दिव्याला फोन लावला. दिव्या कंपनीच्या बसमध्ये होती.

"ताई, कचरापेटीत पाहा. तीस दिवस राहते तिथं. कधी काढलं होतं मी?" मग ती स्वतःच तारखा मोजायला लागली. "तीस दिवस होऊन गेले, ताई."

कचरापेटी रिकामी होती.

दुर्गाबाईंनी सोमारीला पाणी दिलं. मग सोमारीच म्हणाली, "लिवा. मले जेवढं याद हाय तेवढं सांगतो."

समिती ते मानेल की नाही, कुणालाच माहीत नाही. म्हाताऱ्याच्या जबाबाच्या जागी तिशीतल्या नातीची आठवण. तरी सत्यशीला टाईप करत राहिली. जुनं गाव, देवाचे दगड, आजीच्या नावाने उभी केलेली शिळा. सोमारी डोळे मिटून सांगत होती. मोहाच्या झाडांपाशी आली तेव्हा अडखळली.

"ओढ्यापलीकडं तिसरं झाड... कोणाच्या घरचं म्हटलं होतं तादोनं?" तिने बोटांवर घरं मोजून पाहिली. "नाई याद येत."

मला ते माहीत होतं. गेल्या आठवड्यापर्यंत माहीत होतं. जे जातं ते माझ्याकडेही उरत नाही.

माझ्यासारखे फोल्डर तुमच्याकडेही असतील. तुम्ही आमच्यात काहीही टाका, आम्ही नाही म्हणत नाही. पण आम्हाला हाक मारता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

तो कागद सत्यशीलाने गोटाटोल्याच्या कप्प्यात ठेवला. तिसऱ्या झाडाच्या जागी तिने तीन टिंबं दिली आहेत. ती मी सांभाळतो आहे.