एकाच आकड्याचे दोन निष्कर्ष

एन्सिओने खिडकी उघडली, वारा आत येताच धाडकन लावली आणि टेबलापाशी परत आला. बसला मात्र नाही.

“बस की बाबा जरा,” हिल्का म्हणाली. “तुझ्या येरझाऱ्यांनी माझे आकडे बदलणार नाहीत.”

हिल्का या चाचणीची संख्याशास्त्रज्ञ, एन्सिओ सर्जन. खांद्यातला आवळलेला पडदा सैल करण्याची शस्त्रक्रिया तो उभा जन्म करत आला होता, आणि तिच्यावरच ही चाचणी होती. अर्ध्या रुग्णांवर खरी शस्त्रक्रिया. उरलेल्यांना भूल देऊन वरवर चीर आणि टाके. अ गट कुठला नि ब कुठला, हे फक्त नर्स लेम्पीला ठाऊक. ब गटाचा खांदा कमी दुखत होता. पी-व्हॅल्यू ०.०३.

इथली रीत अशी की लेम्पीला बोलावण्याआधी दोन्ही निष्कर्ष लिहून सह्या करायच्या. ब खरी शस्त्रक्रिया निघाली तर एक, अ निघाली तर दुसरा. मग सोयीप्रमाणे शब्द फिरवता येत नाहीत.

एन्सिओचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याची थोरली बहीण केर्तू कालच उत्तरेकडून आली होती. उद्या सकाळी तिचा खांदा तोच उघडणार होता. “दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही,” म्हणून ती वर्षभर दुखणं काढत थांबली होती.

तरुण डॉक्टर ओन्नीने एन्सिओने लिहिलेला पहिला मसुदा वाचून दाखवला. “ब खरी असल्यास : शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, हे स्पष्ट झाले.”

“छान. दुसरा?” एन्सिओने विचारलं.

“अ खरी असल्यास : हा फरक योगायोगाचा असावा. आणखी अभ्यास हवा.”

“झालं तर. आणा पेन.”

“मी सही करणार नाही,” हिल्का म्हणाली.

“आता काय बिघडलं?”

“अरे, आकडा एकच आहे ना? तुझ्या बाजूने बोलला की साक्षीदार, विरुद्ध बोलला की खोटारडा?”

“म्हणजे सत्त्याण्णव टक्के खात्री नाही का ही?”

“छे! शस्त्रक्रियेने मुळीच फरक पडत नसता, तरीही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात तीनदा दिसला असता. तो आकडा एवढंच म्हणतो. उपयोग होतो की नाही, त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि फरक तरी केवढा? दुखण्याच्या दहा गुणांत अर्धा गुण.”

एन्सिओला राग आला, खराखुरा राग. हिने आयुष्यात एकही खांदा उघडला नव्हता. कॉफीचा मग त्याने उचलला, न पिताच आपटला. पण योगायोगाचं वाक्य असलेला दुसरा मसुदा त्याचा स्वतःचाच होता. मग नावं ठेवणार तरी कुणाला?

शेवटी दोन्हींत एकच वाक्य आलं : फरक लहान आहे, योगायोगही असू शकेल, एवढ्यावरून ही शस्त्रक्रिया करावी असे म्हणता येत नाही. त्याने सह्या केल्या, इतक्या घाईने की कागद फाटता फाटता राहिला.

लेम्पी दारातच हसली. “ब म्हणजे खरी शस्त्रक्रिया. अभिनंदन, डॉक्टर!”

ओन्नीने टाळी वाजवली. एन्सिओ मोठ्याने हसला, हिल्काच्या पाठीवर थाप मारली. “बघ! सांगत नव्हतो?” आणि कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं. “माझं पहिल्या मसुद्यातलंच वाक्य ठेवू या. आता काय हरकत आहे?”

हिल्काने कागदावरच्या त्याच्या सहीवर बोट ठेवलं. ओन्नी खाली बघू लागला.

एन्सिओचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. मग त्याने टोपण लावलं आणि फोन काढला.

“केर्तू, उद्या उपाशी राहू नकोस. ऑपरेशन नाही करत आपण.”

“अगंबाई, का रे? उपयोग होत नाही त्याचा?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? इतकी वर्षं लोकांना कापतोयस की!”

“हो,” एन्सिओ म्हणाला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच खुर्चीत बसला.