शरणम्माचा पायगुण

बसलिंगप्पांच्या फियाटनं जोतीराम मिस्त्रीच्या नाकी नऊ आणले होते. अ‍ॅक्सिलेटर दाबला तरी गाडी कधीकधी ढिम्म उचलायची नाही, मग एकदम उसळी मारायची. कार्बोरेटर तीनदा साफ झाला. जोतीराम स्वतः चालवायला बसला की मात्र गाडी शहाण्या सुनेसारखी वागायची.

खोड निघायची ती फक्त बसलिंगप्पांची बायको शरणम्मा शेजारी बसल्यावर. बसलिंगप्पांनी हे मान खाली घालून सांगितलं. शरणम्मांनी तर आपल्याच पायगुणाला दोष देऊन गाडीत बसणं सोडलं होतं. लेक हेमावती सासरी दुधनीला, सातवा महिना लागलेला. तिला बाळंतपणाला आणायचं, तर आई म्हणे, मी येत नाही, माझ्या पायानं पोरीला काही व्हायला नको.

जोतीरामला राग आला. यंत्राला कसला आलाय पायगुण! त्यानं निरोप धाडला की शरणम्मा अक्कांना घेऊनच या, नाहीतर गाडी आणू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आली. शरणम्मा अनवाणीच होत्या. लेकीच्या मांडीवर मूल येईपर्यंत चप्पल घालणार नाही, असा नवस त्या दोन वर्षांपूर्वी सिद्धेश्वराला बोलल्या होत्या. जोतीराम मागच्या सीटवर बसला. सात रस्त्याच्या चौकात बैलगाडी आडवी आली, बसलिंगप्पांनी ब्रेक मारला, आणि पुन्हा निघताना गाडी उचलेना.

पाय हलवू नका म्हणून जोतीराम पुढं वाकला. पेडलखाली चामड्याची चप्पल अडकली होती आणि बसलिंगप्पांचे पाय उघडे होते. सीटखाली सारलेली चप्पल ब्रेक मारला की पुढं घसरायची, हिसक्यानं पुन्हा मागं जायची. मग ती सापडणार कुणाला?

"मालक, माझ्यासंगं येताना चपला पायातच असत्यात की तुमच्या?"

बसलिंगप्पांनी शरणम्मांकडं बोट केलं. "ही अनवाणी बसती," ते म्हणाले. "शेजारी बसून मी चपला कशा घालू?"

दोन वर्षं त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं, बायकोलासुद्धा. 

शरणम्मांचे डोळे भरले. त्यांनी वाकून दोन्ही चपला उचलल्या आणि पदरात गुंडाळून मांडीवर घेतल्या.

"मिस्त्रींना हितंच उतरू द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आपण दुधनीला जाऊ."

जोतीराम उतरला. गाडी एका दमात उचलली.