शपथेच्या वेळी डोक्यावर मी होते

मी एक कानटोपी. मरून रंगाच्या लोकरीची, कडेला पांढरी पट्टी, इंझोरीच्या खेमाची. एवढं मी ठामपणे सांगू शकते. पुढचं सांगताना माझाच गोंधळ उडतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

जन्मानं मी टोपी नाही. आधी मी निताचा शाळेचा स्वेटर होते. निता ही खेमा आणि ललिताबाईंची मुलगी. तिचे हात बाह्यांत मावेनासे झाले तेव्हा ललिताबाईंनी मला उसवलं, धुतलं, आणि अंगणवाडीतल्या बाईंकडून टाके शिकून माझी टोपी विणली. पट्टीची पांढरी लोकर तेवढी कारंज्याहून आणली. एवढा खटाटोप कशासाठी, तर नवरा बर्फ पाहायला निघाला होता. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेली लादी. आभाळातून पडणारा कोणी पाहिलाय?

बेत राजपालचा. राजपाल, धनराज आणि खेमा शाळेपासूनचे सोबती. तूर घरात आली, हात मोकळे झाले, आणि राजपालनं ठरवून टाकलं की या वर्षी हिमाचलात जायचंच. ललिताबाईंना बर्फाची काळजी नव्हती, राजपालची होती. खेमा पूर्वी त्याच्यासोबत प्यायचा. एका पोळ्याच्या दिवशी तो इतका पिऊन आला की सजवलेल्या बैलाच्या पायाखाली सापडता सापडता वाचला. दुसऱ्या दिवशी ललिताबाई निताला घेऊन माहेरी, शिरपूरला निघून गेल्या. चार महिन्यांनी परतल्या त्या दारू सोडायच्या अटीवर. त्यानंतर दोन वर्षं खेमानं थेंब घेतला नव्हता.

निघायच्या सकाळी शेवटचा टाका घालून ललिताबाईंनी मला स्वतःच्या डोक्यावर चढवलं, सैल होते की घट्ट ते पाहायला. तेवढ्यात खेमा पिशवी घेऊन आला.

"ठेवा हात माह्या डोक्यावर," त्या म्हणाल्या.

खेमानं हात ठेवला. "तुह्या डोक्याची शप्पत, थेंब नाही घेणार."

"वास जरी आला तं मी शिरपूरले चालली. मंग बोलवाले येजा नोका."

त्यांनी मला काढलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. कान नीट झाकले. माझ्या गोंधळाची सुरुवात इथूनच. खेमाचा हात तर माझ्यावर होता. मग शपथ कुणाच्या डोक्यावर झाली, त्यांच्या की माझ्या? पण मला डोकं कुठं आहे?

अकोल्याहून रेल्वे, मग बस, मग भाड्याची गाडी. उंच घाटात बर्फ दिसणार होता. घाट यायच्या आधीच बर्फ आला. कापूस जिनिंगच्या अंगणात उडतो तसा, पण आवाज नाही. तिघं गाडीतून उतरून तोंड वर करून उभे राहिले. धनराजनं जीभ काढून चव घेतली आणि म्हणाला, "कायचीच चव नाही लेका." माझ्यावर पडलेला बर्फ गुपचूप पाणी झाला. मी थंडीसाठी जन्मले, आणि थंडी मलाच भिजवत होती. ते बरोबर होतं की चूक, मला कळेना.

पुढचा रस्ता बंद होता. परत फिरताना ड्रायव्हर म्हणाला, जवळच बिअरचा कारखाना आहे, तिकीट काढलं की आतून दाखवतात, आत ऊबही आहे. राजपालचा चेहरा खुलला. खेमा म्हणाला, "मी गाडीतच बसतो." पण ड्रायव्हरला चहाला जायचं होतं आणि तो गाडी बंद करणार होता. बंद गाडीत किती वेळ कुडकुडणार? खेमा आत गेला.

आत गेल्यावर तिघं शेतकरी झाले. जवाची पोती दिसताच खेमानं मूठ घातली, दाणा दाताखाली फोडला आणि ओल पाहिली. दाखवणाऱ्या मुलीनं समजावलं की हे धान्य आधी भिजवतात, त्याला कोंब आणतात आणि मग भट्टीत वाळवतात. खेमा थांबलाच.

"आपल्या सोयाबीनले शेंगेत कोंब आले तं कोणी हात लावत नाही," तो म्हणाला, "अन हे मुद्दाम कोंब आणून राह्यले?"

"अन त्याचे पैसे बी घेऊन राह्यले," धनराज म्हणाला.

गेल्या वर्षीच्या पावसात खेमाचं सोयाबीन असंच गेलं होतं. तो बराच वेळ त्या कोंबांकडे पाहत राहिला. त्याला वाईट वाटत होतं की हसू येत होतं, ते मला डोक्यावर बसूनही कळलं नाही.

शेवटी एका खोलीत लाकडी टेबल होतं. प्रत्येकापुढे एक ग्लास आला, तिकिटातलाच. खेमानं हात मांडीखाली घातले.

"घे न बे," राजपाल म्हणाला. "बर्फात आलो, आता पुन्हा कधी येणार?"

"शप्पत हाय."

"कशी घेतली?" त्यानं खोदून खोदून विचारलं. खेमा भोळा, त्यानं सगळं सांगितलं. राजपालनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे हात टोपीवर होता. डोक्याले लागलाच नाही. टोपीची शप्पत झाली तुही. टोपी काढून ठेव अन पी, वहिनीले काही होत नाही."

धनराजनंही मान डोलावली. आणि खरं सांगू, मलाही ते पटल्यासारखं वाटलं. पण मग त्या सकाळी शिरपूरचं नाव घेताना ललिताबाईंचा आवाज हलला होता, तो कशासाठी?

खेमानं मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यानं ग्लास उचलला. फेस पाहिला. वास घेतला. बाहेर बर्फ पडत होता आणि ग्लास तसाच हातात होता. मग त्यानं तो खाली ठेवला आणि राजपालकडे सरकवला. "तू पी."

"पागल झाला काय," म्हणत राजपालनं तो परत ढकलला, आणि अख्खा ग्लास माझ्यावर आडवा झाला. खेमानं थेंब घेतला नाही. सगळी मीच प्याले.

त्यानं मला लॉजवर तीनदा धुतलं. त्या गारठ्यात लोकर वाळते कुठं? ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली गेले, आणि दोन दिवसांच्या रेल्वेत माझा वास आणखी आंबला.

इंझोरीला ललिताबाईंनी पिशवी उघडली. त्यांनी मला नाकाशी धरलं. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. मला ओरडायचं होतं की मी प्याले, तो नाही. पण टोपीला तोंड असतं का?

"टोपीवर सांडली," खेमा म्हणाला.

"टोपीवर सांडली." त्यांनी मला झटकलं आणि तशीच, वासासकट, स्वतःच्या डोक्यावर घातलं. "तवा बी ही होती. ठेवा हात अन सांगा."

खेमानं हात उचलला आणि तो मध्येच थांबला. बाजेवर ललिताबाईंची माहेरी न्यायची रिकामी पिशवी पडली होती, आणि त्यांची नजर तिकडे गेली.

"पहिले टोपी काढ," खेमा म्हणाला.

"काहून?"

"ते दोघं म्हणे, टोपीवरची शप्पत लागत नाही. मले तशी पळवाट ठेवाची नाही."

त्यानं स्वतःच मला उतरवलं आणि त्यांच्या तेल लावलेल्या उघड्या डोक्यावर, भांगावर, पूर्ण तळवा ठेवला. "थेंब नाही घेतला, ललिता."

त्यांनी त्याचा हात काढला नाही, फक्त म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. भाकरी थंडी होऊन राह्यली."

आता मी अंगणातल्या दोरीवर आहे. ऊन तापू लागलंय. वास जवळजवळ गेला, तरी येता-जाता ललिताबाई मला नाकाशी धरतात आणि हसतात. का हसतात, कोण जाणे. मी त्या शपथेत होते की नव्हते, हेही मला कोणी सांगितलं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला शपथ घालाल तेव्हा आम्हाला आधी डोक्यावरून उतरवा. आम्हाला फक्त कान झाकता येतात, साक्ष देता येत नाही.