मंगळवारची रेंज

फणसगाळीत रेंज डोळ्यांना दिसते. खोटं वाटत असेल तर खानापूर सोडून लोंढ्याच्या वाटेला लागा आणि भावकूला विचारा. लांबच्या डोंगरावरल्या टॉवरवरून ती सकाळी निघते, रानात गव्यासारखी रेंगाळते, आणि गावात पोचेपर्यंत ओंजळभर उरते. त्या ओंजळीवर सत्तर घरं. म्हणजे उघडी चाळीस; बाकीच्यांना कुलपं, माणसं पुण्याला नाहीतर बंगळूरला.

आता भावकूची लेक रचनाही त्याच वाटेवर होती. इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं काम एका बंगळूरच्या कंपनीत मिळत होतं. कंपनीनं कळवलं, "मंगळवारी अकराला तासभर व्हिडिओवर समोरासमोर बोलू, तुम्ही जिथून काम करणार तिथूनच. बोलणं तुटलं नाही तर गावातच राहा. तुटलं तर बंगळूरला या."

"मंगळवारच सापडला व्हय त्यांस्नी?" भावकूनं कपाळाला हात लावला.

कारण पेरणीच्या तोंडावर गावात लक्ष्मीचे पाच मंगळवार पाळतात. त्या दिवशी शेतात कुणी जात नाही. एरवी माणसं शिवारात आणि रेंज मोकळी. पण वाराच्या दिवशी सगळा गाव घरी रिकामा, हाताहातात फोन. दहाच्या आत रेंज चाटूनपुसून साफ!

वाराची दवंडी द्यायचा मान भावकूच्या घराचा. सोमवारी सांजेला तो हलगी घेऊन निघाला.

"ऐका हो ऐका! उद्या वार हाय. नांगर न्हाय, खुरपं न्हाय, आन् औंदापासनं फोनबी न्हाय! फोन म्हंजे अवजारच. त्यालाबी इसावा!"

देवळाच्या कट्ट्यावर पोरांत बसलेला आदर्श ओरडला, "मामा, हे कुनी सांगितलं?"

"लक्ष्मीनं!"

"तिला फोन कसा ठावं?"

"तिच्याम्होरं दिसभर त्यात नाक खुपसून बसतोस न्हवं? तिला काय दिसत न्हाय व्हय रं?"

पोरं हसली.

मंगळवारी चाळीस घरांचे फोन देवळातल्या वेताच्या बुट्टीत निजले. आणि रेंज उतरली. ओंजळभर नव्हे, लोंढाच्या लोंढा, पांढरी, दुधाच्या सायीसारखी. गल्लीत घोट्याएवढी साचली. म्हशींनी शेपट्या झाडल्या, भावकूच्या बायकोला, जयाबाईला, रेंज हातानं बाजूला सारून चूल शोधावी लागली. कुलपांच्या घरांतही ती दाराखालून शिरली, आणि आतून परमुलखी गेलेल्या माणसांचे आवाज यायला लागले. कुणी पुण्यात खोकत होतं, कुणी बंगळुरात लेकराला जोजवत होतं. भावकू चपला हातात घेऊन हळू चालत होता, सांडेल म्हणून.

फणसाखाली रचना बोलत होती. तासभर एक शब्द तुटला नाही. शेवटी पलीकडच्या साहेबांनी नाक वर करून हुंगलं. मग म्हणाले, "इथं आमच्या ऑफिसात पिकल्या फणसाचा वास कुठून येतोय?"

"आप्पा, झालं! गावातच राहायचं!" रचना पळत आली. जयाबाईनं डोळ्याला पदर लावला.

भावकूचं मन मात्र टोचत होतं. तो देवळात गेला. पुजारी परशराम बुट्टीजवळ राखण करत बसला होता.

"आण्णा, लक्ष्मी कायबी बोलली न्हवती. मीच म्हनलतो."

"ठावं हाय. ती बोलली असती तर आधी मला बोलली असती. पुजारी मी का तू?"

"मग गप का बसलास?"

परशरामानं आवाज खाली आणला. "माझा ल्योक महादेव पुण्यात असाच कॉम्प्युटर बडवतोय, कोंबड्याच्या खुराड्याएवढ्या खोलीत. तो आला तर रेंज दोघांस्नी पुरंल काय रं?"

जन्मभर थापा मारलेला भावकू पहिल्यांदाच अडखळला. हो म्हणणं सोपं होतं. पण परशरामाचे डोळे पाहून जीभ उचलेना.

"न्हाय पुरायची, आण्णा. आजच्यासारखं रोज कोन फोन ठेवंल? आपल्याला टॉवर पायजे. गावाच्या सह्या घेऊन खानापूरला अर्ज देऊया."

"अर्ज कन्नडात लागंल. हितलं सरकार कानडी न्हवं?"

"रचना लिवंल. आता हितंच हाय न्हवं ती?"

"पयली सही माझी," परशराम म्हणाला आणि धोतराला हात पुसत उठला.