आमसुली पिन आणि पोपटी क्लॅम्प

गाड्यांचे पत्रे वेल्डिंग करताना हलू नयेत म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटी भोसरीत रंगरावांच्या वर्कशॉपमध्ये बनत. त्यांना फिक्स्चर म्हणतात. कॉम्प्युटरवर त्यांचं डिझाइन करायची आम्रपाली. ती सांगवीहून स्कूटीवर यायची, आणि आल्या आल्या रंगराव तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

"समदं राखाडी," ते स्क्रीनकडे बघत म्हणायचे. "यातला क्लॅम्प कंचा आन् पिन कंची? राख सांडल्यावानी दिसतंय."

एकेका पार्टला हाताने रंग द्यायचा तर आठवडा गेला असता. शेवटी वैतागून आम्रपालीने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. फाइल उघडली की कॉम्प्युटरने प्रत्येक पार्टला मनाला येईल तो रंग द्यायचा, बस.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी स्क्रीन पाहिली आणि चष्मा काढून परत घातला.

"ही आमसुली कोण?"

"पिन, शेठ. पत्र्याच्या भोकात बसते ती."

"आन् हा पोपटी?"

"क्लॅम्प. पत्रा दाबून धरतो तो."

"आता कसं! आता मला फिक्स्चर कळाया लागलं." त्यांनी त्या चित्राची मोठी प्रिंट काढून केबिनमध्ये लावली.

घोटाळा झाला तो त्याच आठवड्यात. चाकणच्या एका कंपनीतून वर्षाली मॅडम डिझाइन मंजूर करायला आल्या. त्या प्रिंटसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कलर कोडिंग आहे का? प्रत्येक रंगाला काही अर्थ आहे?"

आम्रपाली खरं सांगणार, तोच टेबलाखालून रंगरावांचा बूट तिच्या पायावर पडला.

"व्हय मॅडम. उगाच कोन रंग लावंल?"

मॅडमनी चित्रावर सही केली आणि खाली लिहिलं, 'फिक्स्चर याप्रमाणे हवं.'

रंगकाम ज्योतीरामकडे असायचं. तो चित्र घेऊन भोसरीतली सगळी पेंटची दुकानं फिरला. आमसुली रंग मिळेना, तेव्हा बायकोचं लुगडं दाखवून त्याने तो बनवून घेतला. पिनांना रंग लावायचा नसतो, लावला तर त्या भोकात बसत नाहीत, पण चित्रात होता, म्हणून त्याही रंगवल्या. "ताई, उभा जन्म राखाडीत गेला माझा," तो आम्रपालीला म्हणाला. खूश होता बिचारा.

फिक्स्चर तयार झालं. वर्षाली मॅडम तपासणीला आल्या आणि म्हणाल्या, "मूळ फाइल उघडा, ताडून बघू."

आम्रपालीने फाइल उघडली. स्क्रिप्टने आपलं काम केलं. स्क्रीनवरचा क्लॅम्प डाळिंबी झाला, पिन मोरपंखी. समोरचं फिक्स्चर होतं तसंच होतं.

"रंग जुळत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "रिजेक्ट."

आता मात्र आम्रपालीने खरं सांगून टाकलं. "मॅडम, हे रंग रँडम आहेत. त्यांना काही अर्थ नाही. फाइल उघडली की बदलतात."

"फाइल उघडली की बदलतात?"

"हो."

"मग फिक्स्चरचे का नाही बदलले?"

आम्रपालीने रंगरावांकडे पाहिलं. मॅडम अगदी शांतपणे विचारत होत्या, त्यामुळे हसताही येईना.

ज्योतीरामने सगळं पुन्हा रंगवलं. मॅडम पुन्हा आल्या, फाइल पुन्हा उघडली, क्लॅम्प अबोली झाला. मग रंगरावांनी फर्मान काढलं की यापुढे फाइल बंदच करायची नाही. कॉम्प्युटर चालू ठेवायचा. कोणाचा हात लागू नये म्हणून की-बोर्डवर त्यांनी ताट पालथं घातलं. पण गुरुवारी एमआयडीसीतली वीज गेली. यूपीएस टूंटूं करू लागला आणि रंगराव त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "थांब रं बाबा, आज मॅडम यायच्यात," ते पुटपुटत होते. तो काही थांबला नाही, कॉम्प्युटर बंद पडला.

"शेठ, ती स्क्रिप्ट मी काढून टाकते," आम्रपाली म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे."

तिने तसं चाकणला कळवलं. उत्तर आलं की मंजूर झालेली पद्धत परस्पर बदलता येणार नाही. समितीपुढे येऊन कारण सांगा.

समितीच्या खोलीत एसी इतका होता की तिला ओढणी गुंडाळून बसावं लागलं. समोर पाच-सहा साहेब, कडेला वर्षाली मॅडम.

"हे रंग ठरवतं कोण?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही, सर. म्हणून तर रँडम म्हणतात."

"म्हणजे माणसाचा हस्तक्षेप शून्य?"

"शून्य, पण सर—"

साहेबांनी शेजारच्यांकडे बघून मान हलवली. "इतके व्हेंडर आहेत आपले, पण ही शिस्त कोणाकडे नाही." सगळ्यांनी आम्रपालीसाठी टाळ्या वाजवल्या. तिने सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी टाळ्या जास्त झाल्या.

निर्णय असा झाला की फिक्स्चर चाकणलाच ठेवायचं. रोज सकाळी वर्षाली मॅडमनी फाइल उघडायची आणि ज्योतीरामने त्याप्रमाणे रंगवायचं. संध्याकाळी तपासणी. फिक्स्चर रोज पास होऊ लागलं. रंग ओला असल्यामुळे त्यावर वेल्डिंग मात्र करता येत नव्हतं.

महिन्याभराने आम्रपालीला चाकणहून बोलावणं आलं. फिक्स्चर बघून ती दारातच थांबली. रंगावर रंग चढून त्याचे कोपरे गोल झाले होते. पिना केळ्यांसारख्या फुगल्या होत्या. क्लॅम्प उघडत नव्हता. ज्योतीराम मन लावून खालच्या बाजूला ब्रश मारत होता.

"रंगवताना हे हलतं," वर्षाली मॅडम म्हणाल्या. "हे धरून ठेवायला एक फिक्स्चर लागेल. डिझाइन कराल?"

आम्रपालीने त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा नेहमीसारखाच गंभीर होता, फक्त खालचा ओठ थरथरत होता. आम्रपालीने कसंबसं माप घ्यायला टेप लावली. टेप रंगाला चिकटली. ती ओढायला गेली तर हात चिकटला. आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की ती फरशीवरच बसली. मॅडम शेजारी टेकल्या आणि तोंडावर फाइल धरून हसत सुटल्या.

"मला पहिल्या दिवसापासून कळतंय हो," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण सही करून बसले होते. मागे कशी घेऊ?"

"आणि मी? माझ्यासाठी तर टाळ्या वाजवल्या."

"ताई, उठा," ज्योतीराम म्हणाला. "तुमच्या ड्रेसला आजचा हळदी रंग लागला."

आम्रपालीने ते दुसरं फिक्स्चर मनापासून बनवलं. ते सुरेख झालं. पहिलं त्यात अगदी घट्ट बसतं, ब्रश कसाही मारला तरी केसभर हलत नाही. चाकणच्या समितीला ते इतकं आवडलं, की बाहेरून पाहुणे आले की आता आधी तिकडेच नेतात. वर्षाली मॅडम समजावून सांगतात. आम्रपालीला त्या दिवशी मुद्दाम बोलावतात, आणि दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतात.